मुदत संपलेल्या शब्दांचे विसपुते

सातपूरला आमच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आलात, तर खोकल्याचं औषध मागण्याआधी जरा जपून बोला. काउंटरच्या डाव्या अंगाला प्लॅस्टिकच्या स्टुलावर पांढऱ्या मिशांचे एक सडपातळ गृहस्थ बसलेले असतील. तुमच्या तोंडून एखादा शब्द असातसा निसटला, की त्यांचा उजवा हात नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा वर जाईल आणि ते म्हणतील, "थांबा. शब्द एक्स्पायर झालाय."

हे विसपुते काका. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याहत्तर, रक्तदाब बरा, जीभ त्याहून बरी. त्यांच्यापायी मी किती गिऱ्हाइकं गमावली त्याचा हिशेब मी ठेवत नाही, कारण ठेवला तर मला स्वतःलाच गोळी घ्यावी लागेल. परवाच एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या चिंकी पार्लरवालीनं सांगितलेलं लोशन द्या." हात वर गेला. "ताई, तो शब्द एक्स्पायर झालाय. ती मणिपूरची आहे. नुसतं पार्लरवाली म्हटलं तरी सुधीरला कळतं." सुधीर म्हणजे मी. बाई म्हणाल्या, "मी लोशन घ्यायला आलेय, शाळेत नाही," आणि तणतणत समोरच्या मेडिकलमध्ये गेल्या. समोरच्या मेडिकलवाल्यानं काकांना दिवाळीला मिठाईचा पुडा दिला पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हा नाद त्यांना माझ्याच दुकानात लागला, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू? निवृत्तीनंतर ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायचे. गर्दी असली की तेवढ्या वेळात पाकिटांवरच्या तारखा वाचत बसायचे. एकदा मी जुनी पाकिटं वेगळ्या खोक्यात टाकताना त्यांनी पाहिलं.

"हे कुठं जातं रे?"

"कंपनी परत घेते, काका. मुदत संपलेला माल विकायचा नसतो."

त्यावर त्यांनी खोक्यातलं एक पाकीट उचलून तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, "औषधाची सोय आहे. शब्दांचं काय? ते कुणीच परत घेत नाही. लोक आपले जुन्याच स्टॉकमधून एकमेकांना देत बसतात."

दुसऱ्या दिवशी ते एक जाडजूड रजिस्टर घेऊन आले. काकांनी इथल्याच एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात तेहेतीस वर्षं कारकुनी केली. निरोप समारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. आवक-जावकाचं कोरं रजिस्टर मात्र मिळालेलं नव्हतं, ते त्यांनी आणलं होतं. चोरलं म्हटलं तर चिडतात. त्या रजिस्टरात त्यांनी माणसांना लावायच्या शब्दांची नोंद सुरू केली. शब्द कोणता, कुणी आणला, किती चालला, कशामुळे गेला, आणि शेवटी शेरा. अक्षर सुरेख, लाल शाईनं समास आखलेला.

मला तो शेऱ्याचा रकाना वाचायला आवडतो. 'मद्रासी' या शब्दापुढे लिहिलंय : टूलरूमच्या नायरसाहेबांनी मॅनेजरच्या टेबलावर नकाशा अंथरून केरळ आणि मद्रास यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजून दाखवलं, त्या दिवसापासून जावक. साहेब बरोबर होते. 'भय्या' या शब्दापुढे लिहिलंय की मूळ माल उत्तम, अर्थ मोठा भाऊ, आपण हाताळून नासवला. आणि एका पानावर 'लंगडा' खोडून 'अपंग', तो खोडून 'विकलांग', तो खोडून 'दिव्यांग' असं लिहून पुढे शेरा मारलाय : चार शब्द झाले, कॅन्टीनच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच आहेत.

माझंही नाव त्या रजिस्टरात आहे. मी वर्षानुवर्षं गोरेपणाची क्रीम विकत होतो. एके दिवशी कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, आता गोरेपणा म्हणायचं नाही, तेज म्हणायचं. ट्यूब तीच, वास तोच, खोक्यावरची बाईसुद्धा तीच, फक्त ती आता गोरी नसून तेजस्वी होती. काकांनी दोन्ही खोकी शेजारी ठेवून चष्मा कपाळावर चढवला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "सुधीर, यात बदललंय काय?" मी म्हटलं, "नाव." ते म्हणाले, "मग विकतोस कशाला?" मी म्हटलं, "खपते म्हणून." त्यांनी ते तसंच उतरवून घेतलं. शेऱ्यात 'औषधविक्रेता खरं बोलला' असं आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या सोसायटीची ती प्रसिद्ध मीटिंग झाली, तेव्हा मात्र मला काका पहिल्यांदा वेगळे दिसले.

झालं असं की तिसऱ्या मजल्यावर टांझानियाची दोन मुलं भाड्यानं राहायला आली. फार्मसी कॉलेजात शिकणारी, सरळ. आठवड्यातच सेक्रेटरी बोरश्यांनी बोर्डावर नोटीस लावली : 'तिसऱ्या मजल्यावरील निग्रो विद्यार्थ्यांबाबत चर्चा, व पाण्याच्या टाकीबाबत चर्चा.' रविवारी सकाळी सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून जमले. बोरसे बोलायला उभे राहिले आणि काकांचा हात वर गेला.

"बोरसे, नोटिशीतला शब्द एक्स्पायर झालाय."

"मग काय लिहू? काळे?"

"तो तर त्याच्याही आधीचा."

कुणीतरी मागून म्हणालं, "पेपरात कृष्णवर्णीय लिहितात हल्ली." काका म्हणाले, "सध्या चालू आहे, पण तारीख जवळ आलीय." बोरश्यांच्या सौ. म्हणाल्या, "आफ्रिकन म्हणा की सरळ." काका म्हणाले, "आफ्रिकेत पन्नासावर देश आहेत. तुमचा मुलगा जर्मनीला आहे, त्याला कुणी नुसतं आशियाई म्हटलं तर चालेल का?" सौ. बोरसे म्हणाल्या, "तिकडे त्याला पाकिस्तानी म्हणतात, परवा रडत होता फोनवर." यावर सगळ्यांनी आधी जर्मनीला नावं ठेवली. मग पुन्हा चर्चा सुरू झाली आणि तासाभरानं 'कृष्णवर्णीय बांधव' या शब्दांवर एकमत झालं. टाळ्या पडल्या. बोरश्यांनी लगेच नवा ठराव वाचला : 'कृष्णवर्णीय बांधवांनी लिफ्ट वापरू नये, गच्चीवर जाऊ नये, व लवकरात लवकर अन्यत्र सोय पाहावी.' शब्द एकदम कोरा करकरीत.

त्या मुलांपैकी एकजण केव्हापासून जिन्यापाशी बादली घेऊन उभा होता. तो पुढे आला आणि हिंदीत म्हणाला, "मेरा नाम इमॅन्युएल है. तीन दिन से पानी नहीं आ रहा है."

टाकीचा विषय अजेंड्यावर दुसरा होता आणि तो राहूनच गेला होता. ठराव बारगळला, कारण इमॅन्युएल एवढा समोर उभा असताना तो मंजूर करायला कुणाचा हात वर होईना. आमच्याकडे लोक वाईट नाहीत, फक्त माणूस पाठ फिरवून असला की ते जास्त मोकळेपणानं वाईट होतात. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण मीही एक शब्द बोललो नव्हतो.

मीटिंग जिंकूनही काका हिरमुसले होते. संध्याकाळी रजिस्टर स्टुलावर ठेवून चहा आणायला गेले, तेव्हा मी मुद्दाम 'न'चं पान काढलं. बोरश्यांच्या नोटिशीतला तो शब्द त्यात नव्हता. ज्या शब्दावरून सकाळी तासभर घसा फोडला, तोच शब्द रजिस्टरात नाही! पान कोरं होतं, समास मात्र आखलेला होता.

हे कोडं काकूंनी सोडवलं. मी इन्शुलिन द्यायला वर गेलो होतो, काका आंघोळीला. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्यात दुसरा रकाना आहे ना, शब्द कुणी आणला म्हणून? तिथं त्यांना स्वतःचं नाव लिहावं लागेल. म्हणून पान कोरं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून सोमनाथ गावित नावाचा तरुण कारखान्यात कामाला लागला. प्रेसशॉपमध्ये आधीच दोन सोमनाथ होते. एकाला लांबा म्हणत, दुसऱ्याला जाडा. तिसऱ्याला ओळखायचं कसं? हजेरी लावायच्या टाइम ऑफिसच्या खिडकीत बसलेल्या तरुण विसपुत्यांनी वर पाहिलं, समोर उंच, काळा, दणकट पोरगा. ते म्हणाले, "हा आपला निग्रो!" सगळे हसले आणि नाव चिकटलं. तेव्हा तो शब्द भूगोलाच्या पुस्तकात होता, मास्तर छडी मारून पाठ करून घेत होते, विसपुत्यांना तो हुशारीचा वाटला होता. पुढे फोरमन त्याच नावानं हाक मारायचा, कॅन्टीनवाला त्याच नावानं कुपन फाडायचा. आणि गंमत म्हणजे त्याच गाविताशी विसपुत्यांची जन्माची दोस्ती जमली. एका डब्यात जेवले, एका सायकलवर डबलसीट आले-गेले. काकूंच्या बाळंतपणात रक्त दिलं ते गावितांनी.

"मग आता कुठं असतात ते?"

"गावी. रिटायर झाल्यावर शेती करतात. रोज फोन व्हायचा दोघांचा. मग यांनी कुठं तरी त्या शब्दाबद्दल वाचलं आणि यांना घाम फुटला. म्हणाले, आयुष्यभर मी त्याला हे म्हणत आलो. आता फोन केला तर हाक काय मारू? जुनी मारवत नाही, नवी जिभेवर येत नाही. बसले हातात फोन धरून. त्याला आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं फोनच केला नाही?"

"गावितांचा यायचा. हे उचलायचे नाहीत. मग त्यांनीही बंद केला." काकूंनी मेथीची जुडी आपटली. "जगाच्या जिभेवर चौकी बसवलीय, आणि इथं एका माणसाला हाक मारायची सोय नाही."

खरं सांगतो, मला काकांचा राग आला आणि दयाही आली. गिऱ्हाइकांना हात दाखवणाऱ्या त्या माणसाकडे त्यानंतर मला पूर्वीसारखं हसून बघता येईना.

या फेब्रुवारीत एका सकाळी अकरा वाजता, म्हणजे अगदीच अवेळी, काका दुकानात आले. हातातला फोन माझ्या नाकाला लावला. 'प्रेसशॉपचे जुने वाघ' या निवृत्त कामगारांच्या ग्रुपवर, ग्रुपनंच छापायला दिलेल्या फ्लेक्सचा फोटो आला होता. गावितांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि दुसऱ्या दिवशी गावी त्यांच्या मुलांनी कार्यक्रम ठेवला होता. फ्लेक्सवर मधोमध गावितांचा फोटो, बाजूनं अकरा शुभेच्छुकांची टाय लावलेली मुंडकी, त्यात डावीकडून तिसरे आमचे काका, आणि खाली फुटाफुटाच्या अक्षरात : 'मा. श्री. सोमनाथ गावित उर्फ निग्रोशेठ यांना अमृतमहोत्सवी शुभेच्छा!'

"सुधीर, त्याच्या पाड्यावर हे नाव कुणालाही माहीत नाही. नात कॉलेजात आहे त्याची. उद्या ती हे वाचेल. गाडी काढ."

मी दुकान बायकोवर सोडलं. फ्लेक्सवाल्याकडे पोचलो तर माल छापून, गुंडाळी होऊन तयार. नवा छापा म्हटलं तर मशिन दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. "आणि काका," फ्लेक्सवाला समजुतीनं म्हणाला, "उर्फ तर पाहिजेच. नुसतं नाव टाकलं की श्रद्धांजलीचा वाटतो."

काकांनी ग्रुपचे अ‍ॅडमिन, जुने फोरमन पवार, यांना फोन लावला. स्पीकरवर पवारांचा आवाज गडगडला, "अहो विसपुते, प्रेमानं म्हणतो आपण! शिवी थोडीच आहे? आणि नाव तुम्हीच ठेवलंय. कंपनी तुमची, माल तुमचा."

"म्हणूनच परत घेतोय," काका म्हणाले आणि फोन ठेवला. मग फ्लेक्सवाल्याची कात्री उचलली, गुंडाळी जमिनीवर अंथरली, गुडघ्यांवर बसले आणि 'उर्फ निग्रोशेठ' एवढा तुकडा चौकोनी कापून काढला. कात्री जरा वाकडी गेली, त्यामुळे एका शुभेच्छुकाचा कानही गेला. तो पवारांचा निघाला, त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सावळघाट उतरून आम्ही पाड्यावर गेलो. अंगणात मांडव, नागलीच्या भाकरीचा आणि उडदाच्या आमटीचा वास, पोराटोरांची पळापळ. दोन पोरांनी आमचा फ्लेक्स मांडवाच्या खांबांना बांधला. कापलेल्या चौकोनातून मागचं आंब्याचं झाड दिसत होतं आणि वारा आला की सगळा फ्लेक्स फडफडायचा. गावितांची नात येऊन म्हणाली, "काका, हे मधी असं भोक का ठेवलंय?" काका म्हणाले, "तिथं माझी एक चूक होती." तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. ती हसून पाणी आणायला गेली.

गावित मांडवाच्या पलीकडच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून उभे होते, पाहुण्यांना पंगतीत बसवत होते. अजूनही ताठ. काकांनी सदरा सारखा केला, घसा साफ केला आणि हाक मारली, "सोमनाथ!"

पंगतीतले दोघे वळले. गावित वळले नाहीत.

"सोमनाथ! अरे सोमनाथ!"

आता पाण्याचा जग घेतलेला एक तरुणही वळला. गावित भाकऱ्यांची टोपली पुढे सरकवत होते. काका माझ्याकडे बघायला लागले. तो एक शब्द उच्चारला असता तर तो माणूस गर्रकन वळला असता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. काकांनी ओठ आवळले. चपला काढल्या, पंगतीच्या कडेकडेनं, कुणाच्या पत्रावळीवर पाय पडणार नाही असं बघत चालत गेले आणि गावितांच्या खांद्यावर हात ठेवला.

"इसपुत्या!" गावितांच्या हातातली टोपली कलंडली. "तू व्हय!"

"केव्हाचा हाका मारतोय."

"आयकल्या ना. म्हनलं पावन्यांत असंल कोनी सोमनाथ. तू कवा मला सोमनाथ म्हनला?"

काका म्हणाले, "ते नाव मी ठेवलं. चुकलं माझं. राग आला असेल तुला."

गावितांचं हसू जरा खाली उतरलं. "आला ना. लय आला. पयल्या दिवशी मी डबा उघडला नाय. मंग तूच तुजा डबा घिऊन माज्याजवळ आला, म्हनला, खा. मला काय कळंना. नाव ठेवनारा बी हाच, आन वाटून खानारा बी हाच."

"मग बोलला का नाहीस मला?"

"तू इचारलं कुटं?" गावितांनी टोपली खाली ठेवली. "पर त्याचा राग मी कवाच गिळला. फोन बंद केलास, त्यो नाय गिळता आला. आठ वर्सं! मला वाटलं, माजंच काय तरी चुकलं."

"हाक काय मारायची ते कळेना रे."

"येवढ्यासाठी?"

काका खिसे चाचपायला लागले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला रुमाल सापडत नव्हता. गावितांनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला.

"आई मला सोम्या म्हनायची," ते म्हणाले. "आता तसं म्हननारं कोनी उरलं नाय. तू म्हन."

काकांनी तोंड उघडलं. "सो..." एवढंच आलं आणि खोकला लागला. गावितांनी त्यांना हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतः आमटी वाढली.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. मी रेडिओ लावला, तो काकांनी बंद केला. खिडकीबाहेर बघत ते हळूच काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं जप करताहेत. मग घाटात गाडी दुसऱ्या गियरवर आली, इंजिनाचा आवाज बदलला आणि मला शब्द ऐकू आले.

"सोम्या, जेवलास का? सोम्या, पोचलो बरं का आम्ही. सोम्या, गुडघा कसा आहे?"

घाट संपेपर्यंत ते चालू होतं. मग ते माझ्याकडे वळले आणि चोरट्यासारखं विचारलं, "सुधीर, जमतंय का रे?"

"जमतंय, काका," मी म्हटलं. "अजून एकदा म्हणा."